मामाचे खोके आणि पडवळाची भाजी

बाबा, आज दुपारी मामाचे खोके पुन्हा चालू केले. बरेच दिवस बंद होते, कारण अ‍ॅम्प्लिफायरमधला एक कंडेन्सर फुगला होता आणि तसला जुना मिळायला वेळ लागला. तो बदलला, स्विच दाबला, आणि दोन्ही स्पीकरमधून तो बारीकसा ‘फस्स’ आला. आता काहीतरी ऐकू येणार, असं सांगणारा. मला तो आवाज अजून गाण्याइतकाच आवडतो. तुम्ही म्हणायचात, माइक चालू केला की कर्णासुद्धा आधी श्वास घेतो. तेव्हा मला ते फार अनसायंटिफिक वाटायचं. आता मीच लोकांना तसं सांगते.

तुमचा आवाज सगळ्या पनवेलला माहीत होता, आणि घरात आम्हालाच तो कमी मिळायचा. एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसून तुम्ही दिवसभर गाड्या पुकारायचात, आणि आपल्या दोन खोल्या स्टँडच्या मागेच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. आई घड्याळ बघायचीच नाही. “साताऱ्याची लागली,” म्हणायची आणि कुकर चढवायची. अलिबागची पुकारली की मला अभ्यासाला बसवायची. मग ड्युटी संपवून तुम्ही घरी येणार, चपला काढणार, तांब्याभर पाणी घेऊन खुर्चीत बसणार आणि घशाकडे बोट दाखवणार. घसा बंद. चहा हवा असेल तर कपाची खूण, मीठ हवं असेल तर चिमटीची. आई वैतागायची. “लोकांना दिवसभर ओरडून सांगतात कुठे जायचं, आणि मी काही विचारलं तर नुसती मान हलवतात!” तुम्ही त्यावरही मान हलवायचात.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही हौसेने इंग्लिश मीडियमला घातलंत, त्याचा उपयोग काय झाला, तर रद्दीवाल्याकडून स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरची परदेशी ‘हाय-फाय’ मासिकं आणून मी ती पाठ करायला लागले. स्पीकर कसे ठेवायचे, कुठे बसायचं, सगळं तोंडपाठ, फक्त स्पीकर नाहीत. मग दादरच्या मामाकडे सून आली, आणि त्याच्या तरुणपणीच्या त्या दोन कमरेएवढ्या लाकडी खोक्यांना आणि त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला घरात जागा उरली नाही. कुणाला हवेत का, असं तो म्हणतोय तोवर मी हो म्हणून बसले होते. आईला विचारलंच नाही.

तुम्ही ते पनवेलच्या गाडीत मागच्या सीटवर घालून आणवलेत. मला ती गाडी अजून दिसते. उरणकडचा कंडक्टर दारात उभा आहे आणि हसतोय. “सायेब, ही जोडी नवरा-नवरी हाय का काय? दादरपासून एक शब्द बोलली नाय एकमेकांशी. फॅमिली पासात घेता का यांना?” आणि तुम्ही, केबिनमधल्या त्या दणदणीत आवाजात, “घरी नेल्यावर बोलतील!”

घरी नेल्यावर बोलले नाहीत. पुढचं कापड काढलं तर आवाज काढणाऱ्या कागदी कोनच्या कडेचा फोम पार सडलेला, बोट लावलं की भुगा. मी रडायच्या बेतात होते. तुम्ही वाकून पाहिलंत, आत गेलात आणि तुमची जुनी काळी छत्री घेऊन आलात. दुसऱ्या दिवशी डेपोतून टायरचं पंक्चर काढायचं सोल्यूशन आणलंत. आईचं जेवणाचं ताट मोठ्या गोलासाठी, वाटीखालची ताटली छोट्या गोलासाठी, असं करून आपण दोघांनी जमिनीवर बसून छत्रीच्या कापडाच्या गोल पट्ट्या कापून फोमच्या जागी चिकटवल्या. कापडाला घडी पडतेय, हे तुम्ही बोट फिरवून सांगत होतात. इंग्लिश मासिकात असलं काहीच नव्हतं. पण वाळल्यावर कोन हाताने दाबून पाहिला तर मऊ आत गेला आणि मऊ बाहेर आला. मी टाळ्या वाजवल्या.

आता प्रश्न जागेचा. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा त्रिकोण झाला पाहिजे, तिन्ही बाजू सारख्या, असं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही खडूने फरशीवर त्रिकोण काढलात. ऐकणाऱ्याच्या टोकावर नेमकं आईचं शिलाई मशीन. “ते हलणार नाही,” आई म्हणाली, “खिडकीचा उजेड तिथेच येतो.” त्यात आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूब लागायला तयार नसायची, आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हशीसारखा हंबरायचा. घरात एकच स्टॅबिलायझर, तो फ्रिजचा. मी शनिवारी संध्याकाळी फ्रिजची पिन काढून तिथे अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि परत बदलायचं विसरले. रविवारी सकाळी दूध नासलेलं, आणि भिजवलेलं इडलीचं पीठ पातेल्याबाहेर आलेलं.

“आजच्या आज हे खोके दादरच्या गाडीत बसले पाहिजेत,” आई म्हणाली. “मशीनला जागा नाही, फ्रिजला लाइट नाही. घर आहे की थिएटर?” मी तुमच्याकडे बघतेय. तुम्ही पेपर वाचताय. तुम्ही मान हलवलीत तर संपलं. स्वयंपाक होईपर्यंत घरात फक्त भांडी बोलत होती. जेवणात पडवळाची भाजी होती. जेवणं झाली, आई आत भांडी घासायला बसली, आणि तुम्ही घशाला हात लावून, खाकरून, चक्क बोललात. “स्पीकर म्हणजे ज्यातलं बोललेलं कळतं तो. मी बोलून बघतो. कळलं तर राहतील. नाही कळलं तर चारच्या गाडीने परत.”

घरातल्या टेपरेकॉर्डरचा माइक होताच, तो मी अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. स्पीकरसमोर माइक धरला तर शिट्टी वाजते, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत, म्हणून तुम्ही वायर खिडकीतून घेऊन बाहेर गॅलरीत जाऊन बसलात. मी खटका दाबला. फस्स. आणि मग घरात अख्खा स्टँड शिरला. “लक्ष द्या! मुंबईहून आलेली, साताऱ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर...” आवाज फाटला, मांडणीतले पेले थरथरले. आतून आई ओरडली, “बास, बास! टपावरच्या सामानासकट आली!” मी खिडकीतून म्हटलं, “बाबा, हळू बोला ना! इथे पॅसेंजर नाहीयेत.”

मग नुसता तुमचा श्वास दोन्ही स्पीकरमधून येतोय. आणि तुम्ही म्हणालात, “मग बोलू काय?” तो आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. खालचा, थोडा खरखरीत, एकदम जवळचा. आणि मग त्याच आवाजात, “आतल्या खोलीतल्या बाईंनी लक्ष द्यावे. आजची पडवळाची भाजी फार छान झाली होती. रोजचंच जेवण छान असतं. घसा बसलेला असतो, म्हणून सांगायचं राहतं.”

आतलं घासणं थांबलं. आई राखेच्या हातांनी दारात आली. “कोण बोललं हे?” मी म्हटलं, “बाबा.” ती पुढे आली आणि बरोबर तुमच्या खडूच्या त्रिकोणाच्या टोकावर, मशीनला टेकून उभी राहिली. “परत म्हणायला सांग त्यांना. शेवटचं नीट कळलं नाही.” मी सांगायच्या आत स्पीकरच बोलला, “कळत नसेल तर परत पाठवायला लागतील हं दादरला.”

“नको नको, कळतंय,” आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “बघतेस काय? धर मशीनची ती बाजू.”

आत आल्यावर तुम्ही म्हणालात, “यात माणूस शेजारी बसून बोलल्यासारखं वाटतं. स्टँडवर असं बोललो तर एक गाडी सुटायची नाही.” पुढे कितीतरी रविवारी तुम्ही जेवणानंतर माइक घेऊन गॅलरीत जायचात. त्या काही वर्षांत आई तुमच्याशी जेवढी भांडली तेवढी आधी कधी भांडली नसेल, कारण आता उत्तरं मिळायची.

तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली. स्टँडवर दुसरे आवाज आले. आई माझ्याकडे असते, खोके माझ्याकडे असतात, छत्रीचं कापड अजून टिकून आहे. हाय-फायवाले मित्र येतात आणि माझा डावा स्पीकर बघून कळवळतात. तो जरा जास्तच वळलेला आहे, स्वयंपाकघराकडे. ते सरळ करून जातात. ते गेले की मी परत वळवते.

आता एक गोष्ट. त्या दिवशी ती भाजी खारट झाली होती, बाबा. रागात आईने मीठ दोनदा घातलं असणार. मी दह्यात कालवून कशीबशी संपवली, तुम्ही दोन तांबे पाणी प्यायलात. हे मी आईला कधीही सांगितलं नाही. सांगितलं तर त्या खोक्यांखालची जमीनच काढून घेतल्यासारखं होईल, असं मला वाटत आलंय. तिला अजून घरात येणारा प्रत्येक कागद चष्मा लावून वाचायची सवय आहे, म्हणून हे पत्र कुठे लपवावं, असा विचार मी आत्ता करत होते.

आणि लिहिता लिहिता हात थांबला. पान तर आईनेही वाढून घेतलं होतं त्या दिवशी, आपल्याच बरोबर. आणि आजवर पडवळ वाढताना ती दरवेळी म्हणते, “मीठ बघून घातलंय.” दुसऱ्या कुठल्याही भाजीला म्हणत नाही.

म्हणजे पत्र लपवायची तशी काही गरज नाही. तरी लपवणार आहे.