तिमोफेय येणार का?

टोरांटो, ४ जून २०२५

ती. बाबांस,
वेदांगचा शि. सा. नमस्कार.

पत्र हातानेच आणि मराठीतच लिहायचं हा आईचा नियम तिच्यामागेही पाळतोय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

एक काम आहे. तिमोफेय नावाचा एकोणीस वर्षांचा रशियन मुलगा उन्हाळी शिबिरासाठी तुमच्या रिंकवर आलाय. आइस हॉकीत असा खेळाडू मी पाहिला नाही. रशियातला क्लब त्याला आणखी तीन वर्षं ठेवू बघतोय, आमचा क्लब इकडे बोलावतोय. तो येणार की नाही हे सांगणं हीच माझी नोकरी. गेल्या वर्षी दोघं येतील म्हणालो, एकही आला नाही. यंदा चुकलो तर खलास. तुम्ही तिथला बर्फ सांभाळता, जरा कानोसा घ्या ना.

गोळ्या चुकवू नका. लोभ आहेच, तो कामापुरता नाही हे तुम्ही जाणता.

तुमचा,
वेदांग

अबुधाबी, २१ जून २०२५

चि. वेदांगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये मिळालं. ‘ऱ्हस्व’ बरोबर लिहिलास, आईने पाठ थोपटली असती.

बाहेर पंचेचाळीस अंश, आत माझा बर्फ. तिमोफेय गोड पोरगा आहे. इथे येऊन अरबीतलं ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, तेवढं शिकलाय आणि तेच ओरडत मला बर्फावरून हाकलतो. माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी मात्र रोज पळवतो. त्याची आई, राईसाबाई, सोबत आहेत. त्यांना तुमच्याकडचा व्हिसा मिळत नाही, म्हणून पुढेही मायलेकांनी इथेच भेटायचं ठरवलंय. आम्ही फोनमध्ये बोलतो, फोन भाषांतर करतो. त्यांचं म्हणणं, त्याने जावंच. पोरगाही तयार आहे. तेव्हा बिनधास्त लिही, येणार.

स्वेटर जपून वापर, विणणारी आता नाही. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

अबुधाबी, १४ जुलै २०२५

चि. वेदांगास अनेक आशीर्वाद.

तिमोफेय आईला घेऊन परत गेला, हे तुला कळलं असेलच. त्याला कारण मी.

तो सरावाला असताना राईसाबाईंना मी गाडीने हॉस्पिटलात नेलं होतं. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मला वाचायला वेळ लागला नाही. तेच शब्द मी तुझ्या आईच्या रिपोर्टवर वाचले होते. त्या रडल्या नाहीत. फोनमध्ये एवढंच बोलल्या, की त्याला सांगू नका, तो जाणार नाही. मी मान डोलावली. चार दिवस तोंड लपवत फिरलो. पाचव्या दिवशी त्याला बाकावर बसवून सांगून टाकलं. त्याला स्केट्सच्या लेसही सोडता येईनात, मी सोडल्या.

वेदांग, तुझी आई अचानक गेली नाही. तिनेही मला असंच गप्प केलं होतं. तुझी नोकरी नवी होती, तू सगळं टाकून येशील ही तिला भीती. ते ओझं मला दुसऱ्यांदा उचलवेना. तुझं नुकसान केलं, क्षमा कर.

कोणत्या तोंडाने लोभ मागू? तरी मागतो.

तुझा,
बाबा

टोरांटो, ३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

नोकरी गेली. त्याचं मनाला लावून घेऊ नका, दुसरी बघतोय. तिमोफेयला सांगितलंत ते बरोबरच केलंत. आता निदान तो आईच्या उशाशी असेल.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. त्या वर्षी मार्चमध्ये मी तिकीट काढलं होतं. आई फोनवर म्हणाली, सुट्टी कशाला वाया घालवतोस, दिवाळीला ये, चकल्या करते. मी तिकीट रद्द केलं. ऑगस्टमध्ये ती गेली. ती बोलत होती तेव्हा मागे तुमचा खोकला ऐकू येत होता, बाबा. तुम्ही शेजारीच बसला होतात.

त्या परक्या मुलाला तुम्ही पाचव्या दिवशी सांगितलंत. मला दोन वर्षांनी.

शेवटी लोभ असावा असं लिहायला आईनेच शिकवलं. लोभ आहे, म्हणूनच इतकं लागलंय.

वेदांग