टाचेवरचं भुजंगप्रयात

४ फेब्रुवारी
लगागा लगागा लगागा लगागा — वर्गातल्या पोकळ लाकडी चौथऱ्यावर माझी डावी टाच, आणि समोर मुलांचा एकसुरी गजर. आज पहाटे तो नाद पुन्हा कानात घुमला. भुजंगप्रयात मी तोंडाने कमी आणि टाचेने जास्त शिकवलं. नेमकी तीच टाच सडावी! मधुमेहाला वृत्तांची चीड असावी.

कित्येक महिने जखम भरत नाही. दुखतही नाही, तेच वाईट. पाय बधिर झालाय. आज सर्जननी माझ्या नडगीवर बोट टेकवलं. "आजोबा, इथून काढू."

सूनबाई मध्ये बोलली. ती त्याच दवाखान्यात, जखमांच्या विभागात नर्स. "सर, एक महिना द्या. पडदा लावून बघू."

"आणि महिन्यात जखम निम्मी झाली नाही तर?"

"तर मीच त्यांना ऑपरेशनला घेऊन येईन."

पाय माझा, बोली त्यांची! पण तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मान ताठ ठेवून बाहेर पडलो — चाकाच्या खुर्चीत ठेवता येते तेवढी.

६ फेब्रुवारी
पोटात बाळाभोवती जो पडदा असतो, तो. बाळंतपणानंतर काही आया आपखुशीने देतात. तपासून, स्वच्छ करून, सुकवून ठेवतात. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. अडून बसलेल्या जखमेला तो पुन्हा भरायची आठवण करून देतो, असं सूनबाई सांगते. वरून गुडघ्यापर्यंत प्लास्टर, टाचेवर भार येऊ नये म्हणून. दर आठवड्याला उघडायचं, नवा पडदा लावायचा.

कुणाच्या तरी बाळाचं पहिलं पांघरूण माझ्या टाचेवर. अशी कविता कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती.

"बाबा, पाय उशीवर. खाली टेकायचा नाही."

"हो गं माझे आई."

१३ फेब्रुवारी
कडेने गुलाबी!

२० फेब्रुवारी
पुन्हा मधोमध लाल. सूनबाई धड जेवली नाही. "कुठंतरी चुकतंय," एवढंच म्हणाली. पायापेक्षा मला तिचीच काळजी.

२२ फेब्रुवारी
सापडलं.

दुपारी खिडकीपाशी शाळेतल्या कविता म्हणत बसलो होतो. सूनबाई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली.

"बाबा, हे टकटक काय चाललंय?"

"कसलं टकटक?"

"खाली बघा."

पाहतो तर पाय उशीवरून उतरलेला, आणि प्लास्टर फरशीवर आपटतंय — लगागा लगागा. मला पत्ताच नाही! पायाला काही कळत नाही, पण वृत्त मात्र त्याच्या पक्कं लक्षात.

"मी औषधात चूक शोधतेय, आणि तुम्ही इथं तास घेताय?"

"म्हणजे आता कविता बंद?" मी हळूच विचारलं.

तिने ओले हात पुसले. मग माझा हात उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. "इथं वाजवा. आणि मला आत ऐकू येईल असं म्हणा."

एवढ्या वर्षांत हिच्या तोडीची मास्तरीण पाहिली नाही.

६ मार्च
निम्म्याहून लहान! सर्जननी मोजपट्टी दोनदा लावली, "हं" म्हणाले आणि निघून गेले. मी लिफ्टवाल्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला तर दोनदा. "सून आहे माझी!" ती लाजून पुढे पळाली.

१८ एप्रिल
जखम मिटली. टाचेवर नवी कातडी, तान्ह्या बाळासारखी. आता मऊ तळाची खास चप्पल, आणि रोज सूनबाई तळव्याखाली आरसा धरणार. "सुटलात असं समजू नका," म्हणते.

२७ एप्रिल
संध्याकाळी बेल वाजली. दारात सर्जन! पुढ्यात चाकाची खुर्ची, खुर्चीत माझ्याच वयाचे गृहस्थ, उजव्या पायाला जाड बँडेज.

"माझे वडील," सर्जन म्हणाले. आवाज दवाखान्यातला नव्हता.

"काप म्हणतोय याला, तर हाच कापत नाही," म्हातारा कुरकुरला.

सर्जननी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "सिस्टर आहेत का घरी?"

मी सूनबाईला हाक मारली, आणि ती येईपर्यंत डावी चप्पल काढून टाच पुढे केली.