बिल्डिंगला दोन फेऱ्या

तेजश्री,

तुला नुकतीच झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. तिकडं तुझ्या सासूबाई एकट्याच आहेत, साताऱ्याची पहिली एसटी धरतो. गुडघ्याला मलम लाव.

काल पडल्यावर तू गाडी विकायची म्हणालीस. गाडीत खोट नाही. रात्रभर उघड्यावर भिजली की मागच्या ब्रेकात ओल शिरते, आणि सकाळी दाबला की तो एकदम धरतो. आधी ब्रेक हलका दाबत बिल्डिंगला दोन फेऱ्या मारायच्या. आतलं सुकलं की मग गेटबाहेर पडायचं.

उदय होता तोवर तुला हे कळायचं कारण नव्हतं. तू डबा भरेपर्यंत तो खाली ह्याच फेऱ्या मारायचा, आणि पेट्रोल जाळतो म्हणून तू गॅलरीतून ओरडायचीस. मला म्हणाला होता, "आबा, तिला सांगू नका. घाबरून मागं बसायची नाही."

आजच्या फेऱ्या मी मारल्यात. गाडी जिन्याखाली कोरड्यात लावलीय, किल्ली फ्रिजवर आहे.

उद्यापासून तुझ्या तूच मार. वरनं ओरडायला कुणी नसलं, तरी मार.

आबा