गोळीला उपास नसतो

आई,

कंपनीची बस चुकेल म्हणून तुला उठवलं नाही. काल चतुर्थीची रताळी किसताना तुझी बोटं वळून चिमट्यासारखी झाली, तेव्हा कुठे कळलं की उपासाला तू कॅल्शियमची गोळी घेतच नाहीस. का, तर "ती चालत नाही रे." पुडक्यातले वेफर्स चालतात, गोळी चालत नाही. हे कोणी ठरवलं यार?

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरतं, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही गोळी चुकवायची नाही. त्यात सोमवार-चतुर्थीची सूट नव्हती. मी दिवसभर लांब मानेसरला, कंपनीत. बोटं वळल्यावर मला फोन कशाने लावणार आहेस, नाकाने?

ओठांभोवती मुंग्या आल्या तर शेजारच्या भाटिया आंटींना हाक मार आणि सरळ हॉस्पिटल गाठ. चहा करून मग जाऊ, असं नको.

भांडून मी थकलो. आजच्या सोमवारपासून तुझे सगळे उपास माझ्याकडे. ओट्यावर पोळी-भाजी झाकून ठेवलीय, पोळ्यांचा आकार बघू नकोस. पोटभर जेव आणि त्यावर गोळी घे. देवाला सांगून ठेव, ड्यूटी बदललीय.

अंशुमन