पायपेटी आणि तिसऱ्या कडव्यातला श्वास

मी, चर्चमध्ये जन्मभर पायपेटी वाजवलेली विधवा, हे मृत्युपत्र लिहिते तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही असं म्हणणाऱ्याने आधी त्यात आपला काय फायदा, ते सांगावं.

कलम एक. घर मुलगा आणि मुलगी यांचं निम्मं-निम्मं. शिवणयंत्र सुनेला. ती हल्ली न सांगता माझे पाय दाबते. कुठेतरी पाणी मुरतंय.

कलम दोन. माझी स्वतःची पायपेटी. हिच्यावर नातवाचा डोळा आहे. तो आमची जुनी उपासनागीतं विजेच्या गिटारवर वाजवतो, सोबत ड्रम. त्याला रॉक म्हणतात. पाळकसाहेब खूश, त्यांना काय, बाकं भरली की झालं. मला मात्र वाटे, हा आमची टिंगल करतो आणि उद्या पेटी भंगारात घालेल. म्हणून न कळवता तालमीला गेले आणि खांबाआड बसले.

इथे एक सांगणं भाग आहे. यजमान गायनसंघाचे पुढारी, आणि त्यांना दमा. त्यांच्या आवडत्या गीताच्या तिसऱ्या कडव्यात शेवटच्या ओळीआधी त्यांचा दम संपे, म्हणून मी पेटी थांबवी. ते श्वास घेत, मग आम्ही पुढे जाऊ. हळूहळू सगळी मंडळी तिथे थांबू लागली. ते गेल्यावरही मी थांबत राहिले. माझ्या जागी आलेल्या शहाण्याने पुस्तकात नाही म्हणून तो थांबा काढून टाकला. त्याला मी माफ केलेलं नाही.

तालमीत नेमकं तेच गीत चाललं होतं, कानठळ्या बसत होत्या. तिसऱ्या कडव्यात मात्र सगळं एकदम गप्प. एक श्वास घेता येईल इतकंच, मग पुन्हा धिंगाणा. मला रडू आवरेना.

पेटीसाठी हे नाटक का, असं मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, तिथे आजोबा श्वास घ्यायचे ना?"

आजोबा गेले तेव्हा हा पाळण्यात होता. मग सांगितलं कुणी? सून तेव्हा गायनसंघात मागच्या ओळीत उभी असे. माझा संशय तिच्यावरच आहे. सबब कलम एकमध्ये माझ्या बांगड्याही तिच्या नावे धराव्यात.

कलम तीन. माझ्या दफनविधीला नातवाने ते गीत त्याच्याच पद्धतीने वाजवावं. तिसऱ्या कडव्यात थांबला तर पेटी त्याची. नाही थांबला तर चर्चची. साक्षीदारांनी कान देऊन ऐकावं, आणि तेवढा वेळ कुणी खोकू नये. यजमान श्वास घेत असतील.

साक्षीदार : शेजारची नर्सबाई (सही), चष्मेवाले काका (सही, मजकूर न वाचता, असं ते म्हणतात).
स्थळ : माझं स्वयंपाकघर, कडी आतून लावून.
दिनांक : तालमीनंतरचा रविवार.
सही : पेटीवाली आजी