आतून लावलेली फळी

ती. अण्णा,

हे पत्र तुरुंगात पाठवणार नाही.

मी माझ्या मर्जीनं लग्न केलं, म्हणून तुम्ही घरच्या सगळ्यांसह जीव द्यायचं ठरवलंत. आई गेली, धाकटी सृष्टी गेली. तुम्ही तेवढे वाचलात. शाळेत राजपूत स्त्रियांचा जोहार तुम्ही अभिमानानं शिकवायचात. 'सगळ्या आपखुशीनं गेल्या,' म्हणायचात. पेपरातही 'सामूहिक आत्महत्या' असंच आलंय.

आपल्या शनीच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात. रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून फळी टेकवतात. तुम्ही ती भरदुपारी लावलीत आणि आतून गव्हाचं पोतं रेटलंत. शेजारच्या रतनकाकू म्हणाल्या, "पोरगी फळीपाशीच घावली गं. दोन्ही हात पोत्यावर हुते."

आठ वर्षांची होती ती, अण्णा.

उघड्या उंबऱ्यावरून निघून गेलेली,
रुपाली