तीन वह्यांतली मंदाबाई

१८ नोव्हेंबर १९८५
पवनीला गाडी बदलून दुपारी मोहटोल्याला पोचले. धानकापणी चालू आहे. गावभर नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास. ताराबाई नावाच्या विधवेनं खोली दिलीय, खिडकीतून तलाव दिसतो. नवऱ्यानं एकटीला पाठवलंच कसं, असं तिनं विचारलं. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर हसून आणखी ओंजळभर शिंगाडे वाढले.

उद्यापासून महिला साह्य समितीचं काम. मार खाल्लेल्या बाईनं चौकी, दवाखाना, ग्रामपंचायत अशा पायऱ्या झिजवायच्या नाहीत. तिघांना एका टेबलाशी बसवून मारणाऱ्याला जाब विचारायचा. छळाविरुद्धचा नवा कायदा येऊन दोन वर्षं होत आलीत. मला फार उत्साह वाटतोय.

२५ नोव्हेंबर
पहिली बैठक झाली. पोलीस चौकीचे जमादार पुंडलिकराव, दवाखान्याच्या नर्स आनंदाबाई, ग्रामसेवक भैय्यालाल. पुंडलिकराव म्हणाले, नवरा-बायकोची भांडणं चुलीपाशीच विझतात. चहा पिऊन तिघं गेले.

नंतर एक बाई आली. नाव मंदाबाई, नवरा धनीराम, घर बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पलीकडं. डावा हात कोपरातून वाकडा जुळलेला. बस म्हटलं, बसली नाही.

"तिन्ही जागी जाऊन आली जी मी. सारेच लिवून घेतेत, करत कोनी नाही."

आता आम्ही करू म्हटलं.

"मायासाठी नाही आली, बाई. घरी निर्मला आहे. तिले वाचवा."

निर्मला कोण, हे विचारेपर्यंत ती निघून गेली होती.

२ डिसेंबर
बैठकीत नाव वाचलं. मग एकेकानं आपली वही उघडली. चौकीच्या वहीत १९८२ साली चार वेळा: समज देऊन परत पाठविले. दवाखान्याच्या वहीत: पडल्याने डावा हात मोडला. भैय्यालालच्या वहीत: ९ ऑगस्ट १९८३, विहिरीत पाय घसरून मयत.

निर्मला ही धनीरामची दुसरी बायको. तिन्ही वह्या आज पहिल्यांदाच शेजारी-शेजारी उघडल्या होत्या. आनंदाबाई खालमानेनं म्हणाल्या, हात त्यांनीच बांधला होता. पडली असं धनीरामनं सांगितलं, तेच लिहिलं.

मग गेल्या सोमवारी माझ्याशी कोण बोललं? मी हे कुणाला विचारलं नाही.

३ डिसेंबर
भर दुपारी दारात उभी. तोच हात. "पोलीस निंघाले काय, बाई?"

४ डिसेंबर
पुंडलिकराव म्हणतात, निर्मलानं स्वतः यावं. मी आनंदाबाईंना घेऊन धनीरामकडं गेले. अगदी आदबीनं वागला, खाट टाकली. निर्मलाचा ओठ फाटलेला. उखळावर पडली म्हणाली, नजर त्याच्याकडं. आनंदाबाईंनी या वेळी वहीत 'मारहाण' लिहिलं.

निर्मलाच्या मागं, आतल्या दारात मंदाबाई उभी होती. आनंदाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनाही दिसली.

५ डिसेंबर
जमादार उद्या बघू म्हणतात. मंदाबाई आता माझ्या खोलीतून जातच नाही. कोपऱ्यात उभी आहे. डोळे माझ्या पेनावर —

६ डिसेंबर
सकाळी पुंडलिकराव धावत आले. डोक्यावर टोपी नाही. ती चौकीत — त्यांच्या टेबलासमोर — पाचवी तक्रार लिहा म्हणाली. आम्ही सगळेच पळालो. विहिरीचा काठ. निर्मलाचे केस धनीरामच्या मुठीत.

जिवंत आहे. तो कोठडीत. तिन्ही वह्या एकाच गाठोड्यात भंडाऱ्याला रवाना.

९ डिसेंबर
संपलं असं वाटलं होतं.

दार उघडलं. मंदाबाई नाही. दुसऱ्याच बायका — एकीची मान — एकीचा पदर जळून अंगालाच —

रांग रस्त्यापर्यंत. सायकलवाले त्यांच्यातून आरपार जाताहेत. घंटीसुद्धा वाजवत नाहीत.

रडत नाहीत त्या. एकेक पुढं येते, घरी मागं कोण उरलंय तेवढं सांगते. मी लिहितेय. हात थांबत नाही. नऊ झाली — दहा —

अकरावी म्हणते, लवकर करा बाई, त्यानं आत्ताच आतून कडी लावली. घर कोणाचं, विचारलं. ती म्हणाली —